गाडी आपली, रस्ता ओळखीचा. पण सुनौलीच्या पुढे ‘चालतंय की’ चालत नाही

भोपाळ : हबीबगंज स्टेशनचे नाव नोव्हेंबर २०२१ मध्ये राणी कमलापती झाले. पण पोलीस ठाणे अजून हबीबगंजचेच आहे आणि रिक्षावाल्याला ‘हबीबगंज नाका’ म्हटले की बरोबर कळते. नाव नाक्याचे असले तरी तिथे आता कोणी गाडी अडवून पावती फाडत नाही. देशातले बाकीचे नाकेही एकेक करून उठत चालले आहेत. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि राज्यांच्या सीमांवरची विक्रीकराची ठाणी गेली. १ जुलै २०२४ पासून मध्य प्रदेशाने परिवहन खात्याचे सीमेवरचे चेकपोस्टही बंद केले. महाराष्ट्रानेही २०२५ मध्ये तशा हालचाली सुरू केल्या. नागपूरहून भोपाळला किंवा बुऱ्हाणपूरहून रावेरला जाताना राज्य कधी बदलले हे आता दुकानांच्या पाट्यांवरूनच कळते.

अडचण इथूनच सुरू होते. नाका नसण्याची सवय झालेला माणूस सुट्टीत गाडी काढतो आणि झाशी, कानपूर, लखनौ, गोरखपूर करत हजारेक किलोमीटरवर सुनौलीला पोहोचतो. समोर कमान दिसते, माणसे पायी ये-जा करताना दिसतात, कोणी पासपोर्ट मागत नाही. ‘नेपाळ म्हणजे घरचंच की’ असे म्हणून तो गाडी पुढे घालतो. माणसाच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरेही आहे. १९५० च्या भारत-नेपाळ करारापासून दोन्हीकडच्या नागरिकांना व्हिसा लागत नाही. गाडीचे मात्र तसे नाही. नेपाळच्या दृष्टीने भारतीय नंबराची गाडी ही परदेशातून आलेली वस्तू आहे. मोटारींवर जबर आयात शुल्क लावणारा तो देश आहे. त्यामुळे ही वस्तू आत येऊन परत गेली की नाही, याचा हिशेब तिथे काटेकोर ठेवतात.

हा हिशेब म्हणजे भन्सार. नेपाळीत कस्टम्सला हाच शब्द आहे. सुनौलीच्या पलीकडे बेलहियात, रक्सौलच्या पलीकडे वीरगंजला, रुपईडिहाच्या पलीकडे नेपाळगंजला भन्सार कार्यालये आहेत. आरसी, लायसन्स आणि ओळखपत्र दाखवायचे, किती दिवस राहणार ते सांगायचे आणि तितक्या दिवसांचे पैसे भरायचे. दर रोजावर असतो. मोटारीचा वेगळा, दुचाकीचा वेगळा. वाहतूक खात्याचा परवाना वेगळ्या खिडकीवर मिळतो. एका आर्थिक वर्षात भारतीय खासगी गाडीला जास्तीत जास्त ३० दिवस मिळतात आणि हे दिवस सलगच असावेत असे नाही. मार्चमध्ये मुक्तिनाथसाठी १२ दिवस वापरले असतील, तर त्याच वर्षात उरले १८.

इथे होणारी चूक साधी असते. पाच दिवसांचे पैसे भरले, पोखऱ्यात मुलांना करमले म्हणून दोन दिवस वाढवले आणि ‘निघताना बघू’ असे ठरवले. मुदत संपलेली गाडी तपासणीत सापडली की ती बेकायदा आत असलेली परदेशी गाडी ठरते. मग दंड होतो आणि प्रकरण लांबले तर गाडी जप्त होऊ शकते. मुक्काम वाढवायचा असेल तर मुदत संपायच्या आत भन्सार कार्यालयात जाऊन वाढवून घ्यावा. आणि पावती? ती बाहेर पडताना दाखवावी लागते. टोलची समजून चुरगाळून टाकायची ती पावती नव्हे.

दुसरी गोष्ट गाडीच्या मालकीची. मेहुण्याची गाडी, भावाच्या नावावरची गाडी, कंपनीची गाडी घेऊन फिरणे आपल्याकडे रोजचे. सीमेवर मात्र आरसीवरचे नाव आणि चालवणाऱ्याचे नाव जुळले नाही, तर मालकाचे अधिकारपत्र मागितले जाते. ते घरून करून न्यावे. पिवळ्या पाटीच्या टॅक्सीचे नियम निराळे. तिला खासगी गाडीची वाट चालत नाही.

ओळखपत्राबाबतही गैरसमज पक्का आहे. आधार सगळीकडे चालते म्हणून आधारच नेले जाते. नेपाळ आणि भूतान प्रवासासाठी भारत सरकारने मान्य धरलेली कागदपत्रे म्हणजे पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र. २०१९ मध्ये गृह मंत्रालयाने १५ पेक्षा कमी आणि ६५ पेक्षा जास्त वयाच्यांसाठी आधारची सवलत दिली, बाकीच्यांसाठी नाही. म्हणजे आजोबा आणि नातू आधारवर जातील, गाडी चालवणारा बाबा अडकेल.

सगळ्यात कमी बोलले जाते ते विम्याबद्दल. खरा धोका मात्र तिथेच आहे. भारतीय मोटार पॉलिसीत ‘भौगोलिक क्षेत्र’ असा रकाना असतो आणि त्यात बहुतेकांच्या पॉलिसीवर फक्त भारत लिहिलेले असते. नेपाळ, भूतान, बांगलादेश, पाकिस्तान, श्रीलंका आणि मालदीव या देशांपर्यंत ते वाढवून घेता येते. त्यासाठी थोडा जादा प्रीमियम भरून पॉलिसीला जोडपत्र लावून घ्यायचे असते. गाडीच्या किमतीपुढे ही रक्कम किरकोळ आहे. जोडपत्र नसेल तर मुग्लिनच्या घाटात गाडीला काही झाले, तर तो खर्च खिशातून. समोरच्याला इजा झाली तर त्याची भरपाईही खिशातूनच.

खानदेशातल्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको. २३ ऑगस्ट २०२४ रोजी वरणगाव-भुसावळ भागातल्या भाविकांची बस पोखऱ्याहून काठमांडूकडे जाताना तनहुँ जिल्ह्यात मर्स्याङ्दी नदीत कोसळली. २७ जण गेले. बस गोरखपूरच्या नंबराची होती, भाविक जळगाव जिल्ह्यातले आणि अपघात परदेशात. पार्थिव आणायला हवाई दलाचे विमान लागले. यात्रेला पैसे भरताना खोल्या एसी आहेत का, जेवणात कांदा-लसूण असते का, हे सगळे विचारतात. बसच्या विम्यात नेपाळ आहे का, हे सहसा कोणी विचारत नाही. ते विचारायला हवे आणि कागद पाहायलाही मागायला हवा.

पैशांचे बघू. १९९३ पासून भारतीय १०० रुपये म्हणजे नेपाळी १६० रुपये हा दर ठरलेला आहे. डिसेंबर २०१८ मध्ये नेपाळने २००, ५०० आणि २००० च्या भारतीय नोटांवर बंदी घातली. तेव्हापासून नोटांचा नियम हा निघण्यापूर्वी नव्याने विचारायचा विषय झाला आहे. शंभराच्या नोटा नेलेल्या बऱ्या. मार्च २०२४ पासून तिथल्या अनेक दुकानांत यूपीआय चालते. फास्टॅग मात्र सुनौलीलाच संपला.

सामानाचेही आहे. २०२३ मध्ये नेपाळने भारतातून नेलेल्या १०० नेपाळी रुपयांवरच्या मालावर शुल्क घेण्याचा नियम कडकपणे लावायला सुरुवात केली. आपल्या हिशेबाने हे झाले जेमतेम साडेबासष्ट रुपये. झळ मुख्यतः सीमेवरच्या नेपाळी गिऱ्हाइकांना बसली, पण डिकीत नवे मिक्सर आणि साड्यांचे गठ्ठे असतील तर पर्यटकालाही विचारणा होणारच. परतीला भारतीय कस्टम्स आहे. २०१६ च्या बॅगेज नियमांनी नेपाळहून विमानाने येणाऱ्याला १५ हजारांची सूट दिली. रस्त्याने येणाऱ्याला फक्त वापरातल्या वैयक्तिक वस्तू. काठमांडूत स्वस्त मिळाला म्हणून घेतलेला टीव्ही या व्याख्येत बसत नाही.

भूतानचा मामला आणखी वेगळा. फुन्त्शोलिंगला प्रवासी परवाना, गाडीचा परवाना आणि सप्टेंबर २०२२ पासून भारतीय पर्यटकाला रात्रीला १२०० रुपये शाश्वत विकास शुल्क. बाकी जगात गाडी न्यायची तर अनेक देशांत ‘कार्ने’ लागते. गाडी परत नेण्याची ती कस्टम्सला दिलेली हमी असते. मुंबईतली वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन ती देते. बांगलादेश, भूतान, भारत आणि नेपाळ यांनी जून २०१५ मध्ये थिंफूला मोटार वाहन करार केला होता. तो अमलात आला असता तर पुष्कळ सोपे झाले असते. भूतानने मंजुरी दिली नाही आणि करार कागदावर राहिला.

गंमत म्हणजे ही ‘परकी गाडी’ भानगड देशातही पूर्ण संपलेली नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला भोपाळ राजधानी झाले आणि नागपूरहून सरकारी नोकरांची कितीतरी मराठी कुटुंबे इकडे आली. अरेरा कॉलनीत, शिवाजीनगरात आजही एमएच नंबराच्या गाड्या दिसतात. मुलगा पुण्याला, आई-वडील इथे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ नुसार दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून जास्त ठेवलेल्या गाडीला तिथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी आधी मूळ आरटीओचे ना हरकत पत्र, मग इथला कर, मग तिथला कर परत मिळवण्याच्या खेपा. सप्टेंबर २०२१ पासून बीएच मालिका आली, पण ती सरकारी नोकरांना आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या कंपन्यांच्या नोकरांना. निवृत्त मास्तरांना तिचा उपयोग नाही.

राज्याच्या आरटीओत नेपाळबद्दल विचारले तर तो त्यांचा विषय नाही आणि विमा एजंट तर हा विषय स्वतःहून काढत नाही. माहिती फिरते ती व्हॉट्सअ‍ॅपवर, तीही कुणाच्या तरी तीन वर्षांपूर्वीच्या सहलीची. सप्टेंबर २०२५ च्या आंदोलनात काठमांडूचे विमानतळ बंद पडले आणि सीमेवरची वाहतूक थांबली, तेव्हा त्या मेसेजांचा काहीच उपयोग नव्हता.

उन्हाळ्याच्या सुट्टीत निघणाऱ्यांनी एक तारीख लक्षात ठेवावी. नेपाळचा अर्थसंकल्प जेठ १५ ला, म्हणजे मेच्या २८-२९ ला मांडला जातो आणि भन्सारचे दर त्यात बदलू शकतात. आर्थिक वर्ष बदलते जुलैच्या मध्याला. गाडीचे ३० दिवस नव्याने मोजायला सुरुवात होते ती तेव्हा, १ जानेवारीला किंवा १ एप्रिलला नव्हे.