आधी विचारू या

‘तुम्ही मरियेची पूजा करता,’ असे कोणी म्हटले की आपल्यातील पुष्कळांचा पारा चढतो. वास्तविक या शंकेचे उत्तर जुने आहे. इ. स. ७८७ मध्ये नायसियाच्या दुसऱ्या परिषदेने आराधना व आदर यांतील भेद स्पष्ट केला. आराधना केवळ परमेश्वराची. प्रतिमेला दिलेला मान प्रतिमेत न थांबता मूळ व्यक्तीकडे जातो. हे शांतपणे सांगण्याऐवजी विचारणाऱ्यालाच अडाणी का ठरवावे?

आणि हेच बांधव शेजाऱ्याचा देव्हारा पाहून ‘हे दगड पूजतात’ असा निवाडा देऊन मोकळे होतात! मूर्तीपुढे हात जोडताना त्याच्या मनात काय असते, हे त्यांनी कधी विचारले आहे काय, असा आमचा रोकडा सवाल आहे. तोच शेजारी सप्टेंबरात वांद्र्याच्या मोतमाउलीपुढे मेणबत्ती घेऊन आपल्याच रांगेत उभा असतो.

सर्व धर्म एकच, असे आम्ही म्हणत नाही. परंतु इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारीत नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ सालीच सांगितले. आपल्याला जो समजूतदारपणा हवा, तो आपण आधी शेजाऱ्याला दिला पाहिजे.