पाटी मराठी झाली, ॲपचं काय?

दुकानांच्या पाट्यांवरून या राज्यात किती भांडणं झाली ते सगळ्यांनी पाहिलंय. २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, लहान दुकानंही त्यात आली, मराठी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नको असंही ठरलं. व्यापारी कोर्टात गेले. सप्टेंबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने दोन महिन्यांत पाट्या बदला म्हणून सांगितलं. चांगलंच झालं. पण तोवर दुकान उठून लोकांच्या खिशात जाऊन बसलं होतं, आणि त्या खिशातल्या दुकानाच्या मराठीबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

मी वेबसाइट आणि ॲपचं डिझाइन करतो. क्लायंटकडे पहिल्या मीटिंगला दोन-दोन तास ब्रँडवर चर्चा होते. रंग कुठला, लोगोचे कोपरे गोल की टोकदार, बोलण्याचा सूर मित्रासारखा की भारदस्त. हे सगळं इंग्रजीत ठरतं. मराठीचा विषय निघतो शेवटच्या आठवड्यात, "अरे हो, ते मराठी पण टाकून द्या" असा. वरून कोथिंबीर टाकावी तसं! मग कुणीतरी इंग्रजी वाक्यांची एक्सेल शीट मशीनमधून भाषांतर करून आणतो आणि तेच लाइव्ह जातं.

त्यातून काय होतं बघा. तुम्ही ऑर्डर रद्द करायला जाता. चौकट उघडते, "तुम्हाला नक्की रद्द करायचे आहे का?" खाली दोन बटणं: 'पुष्टी करा' आणि 'रद्द करा'. आता कुठलं दाबायचं? इंग्रजीतलं 'कॅन्सल' बटण म्हणजे "राहू दे, मागे जाऊ", पण मराठीत त्याचं 'रद्द करा' झालं की ते बरोबर उलटं वाचलं जातं. 'ऑर्डर रद्द करा' आणि 'राहू द्या' असं लिहिलं असतं तर प्रश्नच आला नसता. जास्तीचा पैसा लागत नाही, मराठीत विचार करणारा एक माणूस टेबलावर लागतो.

दुसरा प्रकार रिकाम्या जागांचा. इंग्रजीत वाक्यात गावाचं नाव जसंच्या तसं बसवता येतं. मराठीत शब्द वाकतो. सातारा, पण साताऱ्याला. पुणे, पण पुण्यात. ॲप मात्र बिनदिक्कत 'सातारा ला जाणारी बस' आणि 'पुणे मध्ये उपलब्ध' लिहितं. 'कुठे: सातारा' अशी रचना केली की काम भागतं, पण ते सुरुवातीला ठरवावं लागतं.

(फॉन्टची सबब मात्र आता चालणार नाही. मुंबईच्या एक टाइपचे मुक्त, बालू असे फॉन्ट फुकट मिळतात. तरी इंग्रजीच्या मापाने ओळींमधली जागा ठेवतात आणि वेलांट्या, रफार छाटले जातात.)

आता थोडं गंभीर. एका पतसंस्थेच्या ॲपची चाचणी घेत होतो. समोर साठीच्या पुढच्या एक खातेदार काकू, व्यवहाराला पक्क्या, ठेवींचे व्याजदर तोंडपाठ. एका स्क्रीनवर लिहिलं होतं 'ठेव अकाली बंद करणे'. त्या थबकल्या. मला म्हणाल्या, "अकाली म्हणजे? कुणी वारलं तरच का?" हसू आलं, पण प्रश्न बरोबर होता. काउंटरवरचा क्लार्क त्यांना काय विचारतो? "काकू, ठेव मोडायची का?" मुदतीआधी मोडली तर व्याज कमी मिळतं, ते ॲपवर खाली बारीक अक्षरांत आणि त्याहून अवघड मराठीत होतं. म्हणजे कष्टाच्या पैशाचा निर्णय, आणि तो ज्या भाषेत घ्यायचा ती कुणाचीच भाषा नाही.

मी 'मुदतीआधी ठेव मोडा' असं सुचवलं. व्यवस्थापकांचा आक्षेप: "मोडणे बरं दिसत नाही हो, ब्रँडला शोभत नाही." माझं म्हणणं उलट आहे. त्या संस्थेवर लोकांचा इतक्या वर्षांचा विश्वास लोगोमुळे नाही, त्या क्लार्कच्या बोलण्यामुळे आहे. ब्रँड म्हणतात तो तिथेच तयार झालाय. ॲपमध्ये त्याचा आवाज बंद करून दुसऱ्याच कुणाचा तरी लावायचा, याला स्ट्रॅटेजी कशी म्हणायची?

क्लायंटचं ठरलेलं उत्तर असतं, "आकडे बघा ना, मराठी निवडतं कोण?" अहो, पण पर्याय सेटिंगमध्ये तीन पायऱ्या आत, तोही इंग्रजी लिपीत लिहिलेला! शोधून कुणी निवडलाच, तर वरचं असलं मराठी बघून दुसऱ्या दिवशी इंग्रजीवर परत. आणि ज्याला इंग्रजीही जमत नाही तो फोन भाच्याच्या हातात देतो, ओटीपीसकट. त्याची नोंद कुठल्याच आकड्यात होत नाही.

कायदा हळूहळू इकडे येतोय. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार संमतीची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कुठल्याही भाषेत वाचण्याचा पर्याय ग्राहकाला द्यायचा आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, कंपन्यांना तयारीसाठी १८ महिने मिळाले. माझी भीती एवढीच, की ती सूचनाही त्याच एक्सेल शीटमधून येईल. कायद्यापुरतं मराठी होईल आणि काकूंना काहीच कळणार नाही.

म्हणून हल्ली मी कोटेशनमध्ये मराठी लेखन आणि मराठी वापरकर्त्यांबरोबरची चाचणी ही वेगळी ओळ टाकतो, रकमेसकट. बरेच जण पहिल्यांदा तीच ओळ खोडतात. खोडू देत. निदान काय खोडलं ते कागदावर दिसतं, आणि पुढच्या मीटिंगला मी तो कागद घेऊनच जातो.