बॉबिन आपल्याच मशीनची आहे ना?

मैत्रिणींनो, जून जवळ आला की आपल्या सोलापुरात गणवेश शिवायची कोण धांदल! पूर्वभागातल्या एका मैत्रिणीचे डझनभर शर्ट परत आले. शिलाई कुठे सैल, कुठे ताठ. सगळे उसवून पुन्हा शिवायचे, मजुरी मात्र एकदाचीच. टेन्शन पिळून पिळून बिचारी दमली, आणि दोष निघाला बॉबिनचा! जाऊबाईंच्या जुकी मशीनची बॉबिन तिने घरच्या काळ्या मशीनला लावली होती.

दोन्ही दिसतात सारख्याच. पण घरच्या साध्या मशीनची बॉबिन साधारण साडेअकरा मिलिमीटर उंच असते, जुकीची नऊच्या आसपास. बुटकी बॉबिन केसमध्ये खुळखुळते आणि दोरा हिसके खातो.

म्हणून नवी पेठेत जाताना जुनी बॉबिन आणि केस पिशवीत टाकाच. दुकानातच बसवून बघा. दुकानदार कंटाळला तर कंटाळू दे! बॉबिन हलकी फिरली पाहिजे, कडेला चरा नको. घरी आल्यावर दोरा भरलेली केस नुसत्या दोऱ्यावर लोंबकळत धरा. हलका झटका दिल्यावर थोडीशीच खाली सरकली तर ताण बरोबर. सरसर उतरली तर केसचा स्क्रू किंचित आवळा.