दिव्याला बंदी, दिव्याच्या वंशजाला सूट

१/ युरोपीय संघाने सप्टेंबर २००९ पासून तारेचे, पिवळ्या उजेडाचे बल्ब बाजारातून टप्प्याटप्प्याने हद्दपार करण्यास आरंभ केला. पहिला क्रमांक १०० वॉटच्या बल्बचा लागला. त्याच बल्बच्या कुळातील एक वस्तू मात्र आजही राजरोस विकली जाते आणि मोठ्या किमतीला विकली जाते: निर्वात नलिकेचा, म्हणजे जुन्या पिढीच्या बोलीत ‘व्हॉल्व्ह’चा, अँप्लिफायर. या विसंगतीमागचा इतिहास सांगणारा हा धागा.

२/ ‘कुळ’ हा शब्द येथे अलंकारिक नाही. तापलेल्या तारेपासून निर्वातातून वीज वाहते, हे एडिसनच्या प्रयोगशाळेत १८८० च्या दशकात बल्बवर काम चालू असतानाच दिसून आले. एडिसनच्या लंडनमधील कंपनीत पूर्वी काम केलेल्या जॉन अँब्रोज फ्लेमिंग यांनी १९०४ मध्ये त्यातून पहिला व्हॉल्व्ह घडवला. १९०६ मध्ये ली डी फॉरेस्ट यांनी त्यात तिसरा विद्युदग्र बसवला. क्षीण ध्वनिसंकेत मोठा करण्याची वाट तेथून खुली झाली.

३/ उधळपट्टीचे खरे मूळ मात्र व्हॉल्व्हपेक्षा ‘क्लास-ए’ या रचनेत आहे. तीत संगीत चालू असो वा थांबलेले, वीजप्रवाह अखंड वाहतच असतो. अशा अँप्लिफायरची कार्यक्षमता सैद्धांतिकदृष्ट्यासुद्धा ५० टक्क्यांपलीकडे जात नाही. साध्या मांडणीत ती २५ टक्क्यांवर अडते. गंमत अशी, की शांततेच्या क्षणी तो सर्वाधिक तापतो.

४/ हे सारे अज्ञानापोटी घडले, असे म्हणता येत नाही. वीज वाचवणारा ‘क्लास-बी’ फार पूर्वीपासून ठाऊक होता. परंतु त्यात तरंगाचा वरचा अर्धा भाग एक घटक हाताळतो आणि खालचा दुसरा. दोघांच्या सांध्यावर आवाज किंचित विद्रूप होतो. १९६० च्या दशकातील ट्रान्झिस्टर अँप्लिफायर याच दोषामुळे कानांना टोचत. म्हणून एप्रिल १९६९ च्या ‘वायरलेस वर्ल्ड’मध्ये जॉन लिन्स्ले हूड यांनी १० वॉटचा, घरी जुळवता येण्याजोगा क्लास-ए अँप्लिफायर मांडला. अपव्यय त्यांनी जाणूनबुजून पत्करला होता.

५/ त्या अपव्ययाचे आकडे पाहावेत. ८ ओहमच्या स्पीकरसाठी २७ व्होल्ट आणि १.२ अँपिअर, म्हणजे एका बाजूस सुमारे ३२ वॉट. दोन्ही बाजू मिळून एका जुन्या ६० वॉटच्या बल्बइतकीच वीज! रोज तीन तास ऐकल्यास वर्षाला साधारण ७१ युनिट. याउलट २०० वॉट घेणारा मोठा क्लास-ए अँप्लिफायर ‘तापलेला असला की गोड वाजतो’ या समजुतीने चोवीस तास चालू ठेवला, तर वर्षाला १,७५२ युनिट जळतात. भारतात दरडोई वार्षिक वीजवापर २०२२-२३ मध्ये सुमारे १,३३० युनिट होता. एका माणसाच्या वाट्याहून अधिक वीज, आणि तीही बव्हंशी रिकाम्या खोलीत.

६/ मुळात एवढे वॉट लागतात कशाला? १९३० च्या दशकात मोजक्या वॉटांवर भव्य चित्रपटगृहे दुमदुमत, कारण पडद्यामागे प्रचंड कर्णे असत आणि ते विजेचा पुष्कळ मोठा भाग ध्वनीत उतरवत. १९५४ मध्ये एडगर विल्चर यांनी हवाबंद पेटीचा छोटा स्पीकर बाजारात आणला. दिवाणखान्यात मावणारी पेटी आणि खोल खर्ज दोन्ही साधले, पण कार्यक्षमता घसरली. आजही घरगुती स्पीकर विजेचा जेमतेम एक टक्का ध्वनीत बदलतो. उरलेले सारे उष्णता! अँप्लिफायरच्या टक्केवारीवर तावातावाने वाद घालणाऱ्यांच्या बोलण्यात या एक टक्क्याचा उल्लेख क्वचितच येतो.

७/ युरोपातील २००८ च्या ‘स्टँडबाय’ नियमांनी बंद उपकरणाने अर्ध्या वॉटपेक्षा अधिक वीज घेऊ नये, अशी मर्यादा २०१३ पासून घातली. चालू अँप्लिफायरने किती घ्यावी, याविषयी ते नियम मौन बाळगत होते. हे मौन सर्वस्वी चूक नाही. बल्ब घरोघरी होते, म्हणून त्यांच्यावर बंदी आली. क्लास-ए हा मूठभरांचा छंद आहे. शिवाय लिन्स्ले हूड यांच्या आराखड्याचा अँप्लिफायर आजही सामान्य डाग देण्याच्या हत्याराने दुरुस्त होतो. मात्र ‘टिकतो म्हणून पर्यावरणस्नेही’ हा शौकिनांचा युक्तिवाद अर्धाच खरा. वर्षाला दीड हजार युनिट गिळणाऱ्या यंत्राचे दीर्घायुष्य हे पर्यावरणावरचे उपकार नव्हेत.

८/ म्हणून बंदीची सरसकट मागणी आणि परंपरेची सरसकट कैफियत, दोन्ही बाजूला ठेवाव्यात. दहा वॉटचा क्लास-ए, त्याला साजेसा कर्ण्याचा किंवा अधिक कार्यक्षम स्पीकर आणि ऐकून झाल्यावर बंद होणारा खटका, एवढ्यावर ही कला सुखाने जगू शकते. शेकडो वॉटांच्या धगधगत्या पेट्यांची जागा नव्वद टक्क्यांच्या आसपास कार्यक्षमता असलेल्या ‘क्लास-डी’ने घ्यावी, तिथे हळहळण्याजोगे फारसे काही नाही. राहिला प्रश्न अँप्लिफायर तापण्याचा. महाराष्ट्रातील घरांतही एकेकाळी व्हॉल्व्हचा रेडिओ तापेपर्यंत माणसे थांबत, आणि कार्यक्रम संपला की उठून तो बंद करत.