हौसेला मोल नाही, पण जागा?

हौसेला मोल नसते, असे आपण म्हणत आलो. ही म्हण रूढ झाली तेव्हा हौस घरातल्या घरात भागत असे. लग्नात चार पंगती जास्त उठल्या, एखादी पैठणी आली, की झाले. खर्च ज्याचा त्याचा. आता उपनगरातल्या मध्यमवर्गाच्या हौशी उंबरठ्याबाहेर पडल्या आहेत. पहाटे हेल्मेट चढवून सायकल दामटायची, जेवणाबरोबर नाशिकची वाइन घ्यायची, सुट्टीला मनोरी-गोराईचा किनारा गाठायचा. यात गैर काही नाही. माणसाने कचेरी आणि लोकल यांच्यापलीकडेही जगावे. पण या हौशींना रस्ता लागतो, परवाना लागतो, किनारा लागतो. थोडक्यात, सरकार लागते. आणि सरकार कोणाच्या हौसेला जागा करून देते हे पाहू लागलो, की म्हण अपुरी पडते.

सायकलीपासूनच सुरुवात करू. जानेवारी २०२६ मध्ये ‘पुणे ग्रँड टूर’ ही ४३७ किलोमीटरची, आंतरराष्ट्रीय दर्जाची, अनेक टप्प्यांची शर्यत झाली. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट चढून ‘घाटाचा राजा’ ठरणाऱ्यांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या पिढीला देशोदेशीचे व्यावसायिक सायकलपटू आपल्या घाटांत पाहणे हे सुखच होते. शर्यतीसाठी रस्ते नव्याने डांबरले गेले. म्हणजे मनात आणले तर हे जमते. मग त्याच रस्त्यांवरून रोज पोटासाठी सायकल चालवणाऱ्याने कोणाचे घोडे मारले होते?

आपल्या उपनगरांचा अनुभव याहून बोलका आहे. वांद्रे-कुर्ला संकुलात २०११ च्या सुमारास सायकलमार्ग झाला. त्यावर सायकलींपेक्षा उभ्या मोटारीच जास्त दिसल्या. अखेर २०२५ मध्ये तो काढून मोटारींसाठी रस्ता रुंद करायचे ठरले. पवई तलावाच्या कडेने महापालिकेने सायकलमार्ग आखला. ६ मे २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ते काम बेकायदा ठरवले आणि तलावातला भराव काढून जागा पूर्ववत करायला सांगितले.

तिसरे उदाहरण मुलुंडपासून शीवपर्यंतचे. तानसा जलवाहिनीच्या कडेने सुमारे ३९ किलोमीटरचा सायकल आणि जॉगिंग मार्ग करण्याची योजना महापालिकेने आणली. जलवाहिनीच्या दोन्ही बाजूंची दहा-दहा मीटर जागा मोकळी करावी, असा उच्च न्यायालयाचा आदेश त्याआधीच होता. तो पाण्याच्या सुरक्षिततेसाठी होता, सायकलींसाठी नव्हे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पण विद्याविहार आणि आसपासची जी घरे उठली, त्यांतल्या अनेकांना तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी माहुलला धाडण्यात आले. तिथल्या हवेपासून रहिवाशांच्या आरोग्याला धोका असल्याचे राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्येच नमूद केले होते. माणसांना तिथे राहायला भाग पाडता येणार नाही, त्यांना दरमहा १५ हजार रुपये भाडे द्या, असे उच्च न्यायालयाला २०१९ मध्ये सांगावे लागले. मोकळ्या झालेल्या जमिनीवर काय करायचे याचा आराखडा तयार होता. उठवलेल्या माणसांनी कुठे जायचे याचा नव्हता.

या तिन्हींत एक समान धागा आहे. सायकल ही मुळात हौसेची वस्तूच नव्हे. सरकारी नोकराला ती घ्यायला पूर्वी अग्रिम मिळत असे. आजही पाववाला, दूधवाला, डबेवाला, रात्रपाळीचा पहारेकरी तिच्यावरच अवलंबून आहेत. त्यांची ये-जा असते ती स्वामी विवेकानंद मार्गावर, लालबहादूर शास्त्री मार्गावर, स्टेशनकडे जाणाऱ्या गल्ल्यांत. तिथे सायकलला पट्टा द्यायचा तर मोटारींची जागा कमी करावी लागते, उभ्या गाड्या हटवाव्या लागतात, दुकानदारांशी वाद घालावा लागतो. तलावाकाठी वाद घालायला मासे आणि मगरी येत नाहीत. म्हणून आपले सायकलमार्ग गरज असते तिथे न होता देखावा असतो तिथे होतात.

वाइनचेही असेच आहे. २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने एक हजार चौरस फुटांहून मोठ्या सुपरमार्केटांत वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला. नाव द्राक्ष बागायतदाराचे पुढे केले गेले. विरोध झाला, आणि निर्णय बाजूला पडला. वाद झाला तो ‘वाइन म्हणजे दारू का’ यावर. युरोपातले चोखंदळ लोक आज कारखान्याचे संस्कार न झालेल्या ‘नॅचरल वाइन’साठी जादा पैसे मोजतात. आपल्याकडे गोराई, मनोरी, वसईच्या ख्रिस्ती घरांत नाताळासाठी, लग्नासाठी वाइन करण्याची रीत जुनी आहे. ती विनापरवाना केली तर दारूबंदी कायद्याखाली गुन्हा होतो. मोठ्या दुकानाला फळी मिळावी म्हणून मंत्रिमंडळ बसले. घरातल्या बरणीचा विचार त्या वादात कोणाच्या मनातही आला नाही.

समुद्राची सहल ही तर गरिबाचीही हौस. इंग्लंडमध्ये ती कशी रुजली हे पाहण्यासारखे आहे. १८४१ मध्ये लंडनहून ब्रायटनला रेल्वे पोहोचली. १८७१ मध्ये कायद्याने बँकांना वर्षातल्या ठरावीक सुट्ट्या मिळाल्या आणि त्या हळूहळू साऱ्यांच्याच झाल्या. लँकेशायरचा गिरणी कामगार ब्लॅकपूलला जाऊ लागला. सुट्टी, स्वस्त तिकीट आणि किनाऱ्यावरच्या सोयी, या तिन्ही गोष्टी जुळल्या तेव्हा सहल सर्वांची झाली. आपल्याकडे बोरिवलीहून बस आणि खाडीतली होडी आहे. मार्वे-मनोरीची होडीही आहे. आक्शाच्या किनाऱ्यावर माणसे बुडतात हे साऱ्या मालाडला ठाऊक आहे. तिथे मेरिटाइम बोर्डाने बांधलेल्या भिंतीचे प्रकरण हरित लवादापर्यंत गेले. जीवरक्षक, स्वच्छतागृह, धक्क्यावर सावली, या साध्या मागण्या. पण त्यांचे उद्घाटन करून फोटो चांगला येत नाही.

हौशी माणसाने अपराधी वाटून घ्यावे असे मी म्हणत नाही. त्याच्याकडे वेळ आहे, ओळखी आहेत, वर्तमानपत्रात छापून येणारा आवाज आहे. तो आवाज तलावाकाठच्या मार्गासाठी लावायचा की मुलुंड-घाटकोपरच्या स्टेशनरस्त्यावर दीड मीटरच्या सुरक्षित पट्ट्यासाठी, एवढाच प्रश्न आहे. दुसरा पट्टा झाला तर पहाटेच्या हौशी सायकलस्वाराचेही काही बिघडत नाही. त्याच्या आधी तिथून पाववाला गेलेला असेल, इतकेच. जवळपास चार वर्षे प्रशासकाच्या हाती असलेल्या मुंबई महापालिकेसाठी जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक झाली. इतकी वर्षे मागायचे कोणाकडे, हाच प्रश्न होता. आता प्रत्येक प्रभागाला मागणी ऐकणारा माणूस आहे. त्याच्याकडे काय मागायचे, हे आपण ठरवायचे आहे.