पैठणीचा धागा आणि पेशीकेंद्रातील भौतिकशास्त्र

पैठण : ज्या गावाच्या नावाने महावस्त्र ओळखले जाते, त्या गावातील मागांवर चढणारे रेशीम आजही प्रामुख्याने कर्नाटकातून येते. मराठवाड्यात मात्र गेल्या काही वर्षांत तुतीची लागवड चांगलीच रुजली आहे. मनरेगातून तुती लागवड आणि कीटक संगोपनगृहासाठी साहाय्य मिळू लागले. २०१८ मध्ये जालना कृषी उत्पन्न बाजार समितीत कोषांची बाजारपेठ सुरू झाली आणि कोष घेऊन रामनगरपर्यंत जाण्याची शेतकऱ्यांची पायपीट बरीच कमी झाली. कापूस आणि मोसंबी यांच्या भरवशावर राहिलेल्या या दुष्काळी पट्ट्यात रेशीम हे महिन्याकाठी हाती पैसा देणारे पीक ठरू लागले आहे. या साखळीतील सर्वांत कच्चा दुवा आहे तो किड्यांचा रोग.

मराठवाड्यातील रेशीम उत्पादकांना 'ग्रासरी' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. अळीचे अंग सुजते, कातडी चकाकू लागते, सांधे फुगतात आणि किंचित धक्क्यानेही त्वचा फाटून दुधाळ स्राव बाहेर येतो. रॅकवरील एका अळीचा स्राव पानांवर सांडला की शेजारच्या अळ्यांना लागण होते. तापमान वाढले की हा रोग बळावतो. २४ ते २८ अंश सेल्सिअस हे या किड्याच्या संगोपनाचे सोयीचे तापमान. मराठवाड्यातील उन्हाळा चाळीस अंशांची मर्यादा सहज ओलांडतो. या रोगावर औषध नाही. चुना, ब्लिचिंग पावडर आणि काटेकोर स्वच्छता एवढीच शेतकऱ्याची आयुधे आहेत.

ग्रासरीचा विषाणू अळीच्या पेशीकेंद्रात शिरतो आणि तेथेच वाढतो. त्यामुळे पेशीकेंद्रातील जनुकीय द्रव्य कसे मांडलेले असते, हा वरकरणी निव्वळ पुस्तकी वाटणारा प्रश्न पैठणपासून जालन्यापर्यंतच्या तुतीच्या शेतांशी येऊन भिडतो. गेल्या दीड दशकात जीवभौतिकीतील सर्वाधिक गाजलेल्या प्रश्नांपैकी तो एक आहे.

साठ किलोमीटरचा धागा

डीएनएचा रेणू पेशीकेंद्रात मोकळा पडलेला नसतो. विणकराने धागा कांडीवर गुंडाळावा, तसा तो हिस्टोन नावाच्या आठ प्रथिनांच्या गुंडीभोवती गुंडाळलेला असतो. एका गुंडीभोवती डीएनएची १४७ अक्षरे बसतात. अशा लक्षावधी गुंड्यांच्या या माळेला क्रोमॅटिन म्हणतात. मानवी पेशीतील सुमारे दोन मीटर लांबीचा डीएनए मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान पेशीकेंद्रात सामावतो, तो या रचनेमुळेच.

रेशीम किड्याने तर या बाबतीत विक्रमच केला आहे. त्याच्या जनुकसंचाची एक प्रत सुमारे ४६ कोटी अक्षरांची, म्हणजे ताणून धरल्यास जेमतेम १५ सेंटीमीटर लांबीची भरते. परंतु रेशीम स्रवणाऱ्या ग्रंथीच्या पेशी अळीच्या वाढीच्या काळात विभाजित होत नाहीत. पेशी तीच राहते आणि आतील डीएनए मात्र १७ ते १९ वेळा दुप्पट होत जातो. अखेरीस एकाच पेशीत दोन ते चार लाख प्रती साठतात. त्यांची एकत्रित लांबी ३० ते ६० किलोमीटर होते. पैठणहून छत्रपती संभाजीनगरला पोचण्यास साधारण ५० किलोमीटरचा रस्ता पुरतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या साठवणुकीची कल्पना येईल. या पेशींचे केंद्रक गोल न राहता झाडाच्या फांद्यांसारखे फुटत जाते.

एवढ्या गर्दीत नेमके फायब्रॉइन या रेशमाच्या मुख्य प्रथिनाचे जनुक धडाक्याने चालू राहते आणि इतर असंख्य जनुके गप्प राहतात. अमेरिकेतील कार्नेगी संस्थेत योशिआकी सुझुकी आणि डोनाल्ड ब्राऊन यांनी १९७२ मध्ये दाखवून दिले, की पेशी या एका जनुकाच्या वेगळ्या जादा प्रती काढत नाही. मग हे जनुक एवढे काम कसे करते? उत्तर त्याच्या नियंत्रणात शोधावे लागते, आणि नियंत्रणाचा मोठा भाग क्रोमॅटिनच्या मांडणीत दडलेला आहे.

तवंग, थेंब आणि नारळीकर

पेशीकेंद्रात चालू जनुकांचा सैल भाग आणि बंद जनुकांचा घट्ट भाग वेगवेगळे राहतात, हे सूक्ष्मदर्शकातून फार पूर्वीच दिसले होते. त्यांच्यामध्ये कोणताही पडदा नसतो. मग ते एकमेकांत मिसळत का नाहीत?

आमटीवर तेलाचा तवंग येतो, त्यास कोणी कुंपण घालत नाही. तेलाच्या रेणूंचे आपसांतील आकर्षण आणि पाण्याशी असलेला दुरावा यांतून दोन द्रव आपोआप वेगळे होतात. भौतिकशास्त्रात याला प्रावस्था-विलगन म्हणतात. २००९ मध्ये क्लिफर्ड ब्रँगवाइन, अँथनी हायमन आणि सहकाऱ्यांनी एका सूक्ष्म कृमीच्या पेशीतील कण हे प्रत्यक्षात द्रवाचे थेंब असल्याचे दाखविले. ते एकमेकांत मिसळत, ओघळत आणि विरघळतही. पेशीशास्त्राला त्यातून एक नवी दृष्टी मिळाली.

क्रोमॅटिनच्या बाबतीत हा विचार पुढे नेणाऱ्यांत एक मराठी नाव अग्रभागी आहे. सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील जीवरसायनशास्त्रज्ञ गीता नारळीकर या आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थिनी आणि डॉ. जयंत व डॉ. मंगला नारळीकर यांच्या कन्या. २०१७ मध्ये 'नेचर' नियतकालिकात त्यांच्या गटाचा आणि बर्कले येथील गॅरी कार्पेन यांच्या गटाचा असे दोन शोधनिबंध एकाच वेळी प्रसिद्ध झाले. बंद क्रोमॅटिनला बिलगणारे एचपी१ हे प्रथिन थेंब तयार करू शकते, असा त्यांचा निष्कर्ष होता. नारळीकर यांच्या गटाने मानवी प्रथिनावर, तर कार्पेन यांच्या गटाने प्रामुख्याने फळमाशीवर काम केले होते. घट्ट क्रोमॅटिन म्हणजे केवळ कुलूपबंद कपाट नसून निवडक रेणूंना आत घेणारा द्रवाचा कप्पा असू शकतो, ही कल्पना त्यातून पुढे आली. २०२१ मध्ये नारळीकर यांची अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर निवड झाली.

योगायोग असा, की रेशमाचा धागाही काही अंशी याच भौतिक नियमांतून जन्मतो. ग्रंथीत फायब्रॉइनचे दाट द्रावण साठते. पुढे सरकताना त्याची आम्लता वाढते, पाणी कमी होते आणि नलिकेतील ताणाने रेणू एका दिशेने रांगेत येतात. टफ्ट्स विद्यापीठातील संशोधकांनी २००३ मध्ये या प्रक्रियेत प्रावस्था-विलगनाचा वाटा असल्याचे मांडले. पैठणीच्या पदरावरील मोर ज्या तंतूंनी विणला जातो, ते एकेकाळी असेच विलग होत गेलेले द्रावण असते.

रेशीम किड्याचा निराळा नकाशा

गुणसूत्राचा कोणता भाग कोणत्या भागाजवळ येतो, हे मोजण्याची हाय-सी नावाची पद्धत २००९ मध्ये पुढे आली. तिने मानवी पेशीत चालू जनुकांचा 'ए' आणि बंद जनुकांचा 'बी' असे दोन विभाग दाखविले. समान स्वभावाचे भाग एकमेकांना खेचतात, या तत्त्वाने त्यांचा उलगडा होतो. प्रावस्था-विलगनाचेही हेच मूळ.

फ्रान्स आणि अमेरिकेतील संशोधकांनी हीच पद्धत रेशीम किड्याला लावली. त्यांच्या शोधनिबंधाचा मसुदा २०२३ मध्ये जाहीर झाला. किड्याची २८ जोड्यांची गुणसूत्रे एकमेकांपासून कमालीची अलग राहत असल्याचे त्यात आढळले. शिवाय 'ए' व 'बी'खेरीज 'एस' हा तिसरा विभाग दिसला. हा विभाग आपल्यापुरताच दुमडलेला असतो. दूरच्या भागांशी, इतकेच नव्हे तर आपल्यासारख्याच अन्य भागांशीही तो फारसा संपर्क ठेवत नाही. केवळ आकर्षण आणि दुरावा यांवर बेतलेल्या गणिताने असे वागणे स्पष्ट होत नाही. त्यासाठी डीएनएचे फास ओढत नेणारी आण्विक यंत्रे त्या भागात अधिक कार्यरत असली पाहिजेत, असे संगणकीय प्रतिकृतींवरून संशोधकांनी मांडले.

याचा अर्थ एवढाच, की पेशीकेंद्र हे तेल-पाण्याचे साधे मिश्रण नव्हे. थेंब बनविणारे आकर्षण आणि ऊर्जा खर्चून फास ओढणारी यंत्रे या दोन्ही शक्ती तेथे एकाच वेळी काम करतात. माणूस व फळमाशी यांच्यावरून बांधलेले आडाखे रेशीम किड्याला जसेच्या तसे लागू होत नाहीत, हा धडाही त्यात आहे.

दिसते ते थेंबच असते का?

ग्रासरीचा विषाणू पेशीकेंद्रात स्वतःचा कारखाना थाटतो. मध्यभागी विषाणूच्या डीएनएचा दाट प्रदेश तयार होतो आणि किड्याचे क्रोमॅटिन कडेला ढकलले जाते. या कारखान्यालाही पडदा नसतो. तेव्हा तोही एक थेंबच असावा आणि तो विरघळविणारे रसायन सापडले की रोग आटोक्यात येईल, असा तर्क मोहात पाडणारा आहे.

मात्र येथे सावधगिरी हवी. २०१९ मध्ये बर्कले येथील संशोधकांनी हर्पिस विषाणूच्या अशाच कारखान्याची तपासणी केली. दिसायला ते हुबेहूब थेंब होते. प्रत्यक्षात पेशीतील प्रथिने तेथे द्रवाच्या कप्प्यात अडकल्यामुळे जमत नव्हती. विषाणूचा डीएनए हिस्टोनांनी झाकलेला नसल्याने उघडा होता आणि प्रथिने त्यावर पुनःपुन्हा चिकटत होती. एचपी१ संबंधीही मतभेद आहेत. जर्मनीतील संशोधकांनी २०२० मध्ये उंदराच्या पेशींत तपासणी करून, तेथील घट्ट क्रोमॅटिनमध्ये एचपी१च्या थेंबाची अपेक्षित लक्षणे दिसत नसल्याचे नोंदविले.

हा वाद शब्दांचा नाही. कारखाना थेंबाच्या स्वरूपाचा असेल, तर रेणूंमधील आकर्षण मोडणारे औषध शोधावे लागेल. तो केवळ उघड्या डीएनएमुळे बनत असेल, तर असे औषध वाया जाईल आणि विषाणूची जनुकेच बंद पाडावी लागतील. हैदराबादच्या डीएनए अंगुलिमुद्रण व निदान केंद्रात दिवंगत जे. नागराजू यांच्या गटाने दुसरी वाट धरली होती. विषाणूची अनेक जनुके एकाच वेळी गप्प करणारे जनुकांतरित किडे त्यांनी तयार केले. ते संशोधन २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्या किड्यांनी रोगाला लक्षणीय प्रतिकार केल्याचे दिसले. तथापि, जनुकांतरित किडा शेतकऱ्याच्या रॅकपर्यंत नेण्यासाठी जैवसुरक्षेच्या परवानग्यांची लांबलचक वाट चालावी लागते.

राज्यापुढील प्रश्न

महाराष्ट्रात या विषयाचे जाणकार नाहीत असे नाही. आयआयटी मुंबईत क्रोमॅटिनच्या संगणकीय प्रतिकृतींवर काम होते. पुण्याच्या आयसर संस्थेत जनुकांच्या नियंत्रणाचा, तर खारघरच्या अॅक्ट्रेक केंद्रात कर्करोगातील हिस्टोनांचा अभ्यास चालतो. दुसऱ्या बाजूला नागपूरचे रेशीम संचालनालय अंडीपुंज, अनुदान आणि प्रशिक्षण यांचा कारभार पाहते. या दोन जगांना जोडणारा पूल मात्र अरुंद आहे. रेशीम किड्यावरील मूलभूत संशोधन जपान, चीन आणि फ्रान्समध्ये होते. आपल्याकडे त्याचा भर कर्नाटक आणि आंध्र-तेलंगणाकडील संस्थांवर आहे. मराठवाड्यातील उष्ण, कोरड्या हवेत अळीच्या पेशीकेंद्रात काय घडते आणि विषाणूला ते कसे फावते, हा प्रश्न मराठवाड्यानेच विचारला पाहिजे.

क्रोमॅटिनच्या भौतिकशास्त्रातून उद्याच्या हंगामासाठी औषध मिळणार नाही, हे स्पष्टच सांगितले पाहिजे. रोगमुक्त अंडीपुंज, विश्वासार्ह चॉकी केंद्रे, संगोपनगृहातील तापमान राखण्याची सोय आणि रोगाचे निदान जवळच्या जवळ करून देणारी प्रयोगशाळा या गरजा तातडीच्या आहेत. एका अंडीपुंजातून चारशे ते पाचशे अळ्या निघतात. रोग दिसेपर्यंत थांबल्यास पूर्ण बॅच टाकून देण्याची वेळ येते. पान, मजुरी आणि महिनाभराचे कष्ट त्याबरोबरच जातात.

मात्र दहा वर्षांनंतरचा उपाय आज विचारलेल्या प्रश्नांतूनच निघतो. रोगग्रस्त अळ्यांचे नमुने जिल्ह्यातून पद्धतशीर गोळा करणे, त्यांच्या नोंदी तापमानासह ठेवणे आणि पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळांना ते उपलब्ध करून देणे, यास फार मोठा निधी लागत नाही. छत्रपती संभाजीनगरचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ आणि रेशीम संचालनालय यांनी एकत्र येऊन एवढी सुरुवात केली, तरी पैठणच्या मागावर मराठवाड्याचा धागा चढविण्याच्या घोषणेला काही आधार मिळेल. कोष निरोगी निघाला, तरच सूतकताई केंद्रे चालतील आणि तरच विणकराला घरचे रेशीम परवडेल.