गळती कुणाची?

साहेब, तुमच्या फायलीत आमच्या पोरांचं नाव ‘गळती’. जसं काय नळातनं पाणी गळालं. नळ कुणी फोडला, ते कुणी विचारत नाय.

परवा धाकट्या भावाला घेऊन रोजगार मार्गदर्शनाच्या शिबिराला गेलो. आठवी पास. नववीत आई अंथरुणाला खिळली, हा घरी राहिला, शाळा सुटली ती सुटलीच. टेबलामागच्या साहेबानं मान वर न करता सवाल टाकला,

“बाप काय करतो?”

“नगरपालिकेत सफाईला.”

“मग काळजी कशाला? वारसानं लागशील की.”

संपलं मार्गदर्शन! पोरगं पंख्याची, मिक्सरची मोटर भरतं, सारी वस्ती त्याच्याकडं येते. पण विचारतो कोण? शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जातीला रकाना आहे. हाताला काय येतं, त्याला नाही.

वारसाहक्काला मी नावं ठेवत नाही. लाड-पागे समितीच्या शिफारशींवर कैक घरांच्या चुली पेटल्या, आमचीही पेटली. आज्याचा झाडू बापाच्या हाती आला. पण दुसऱ्यांना वारशात जमीन, दुकान, बंगला. आम्हाला झाडूच? आणि तो पुढं द्यायचा सल्ला सरकारी टेबलावरून?

हे आजचं नाही. १९५९ च्या कायद्यानं मालकांनी रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयाला कळवायच्या होत्या. त्यातून शेतमजुरी वगळली, घरकाम वगळलं, शिपाई, पहारेकरी, झाडूवालाही वगळला. कळवलेल्या जागेवर कार्डवाल्यालाच घ्या, अशी सक्तीही नव्हती. म्हणजे कमी शिकलेल्याच्या नशिबी जी कामं, तीच यादीबाहेर. अन् आमचे बाप कार्डं नवी करत रांगेत उभे!

साहेबानं काय सांगायला हवं होतं? आय.टी.आय.त वायरमन, वेल्डर असे काही ट्रेड आठवी पासला खुले आहेत. सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बाहेरून बसता येतं. दोन वाक्यं! ती आम्हाला शिबिरानं नाही, वस्तीतल्या वायरमननं सांगितली, चहाच्या टपरीवर.

तेव्हा साहेब, बापाचं काम विचारणं बंद करा. पोराला काय येतं, काय शिकायचंय, ते आधी विचारा. नाहीतर शिबिराच्या फलकावर मार्गदर्शन लिहू नका, जातीची हजेरी लिहा.

आणि दोस्तांनो, तुमच्या आळीत आठवी-नववीतनं कोण घरी बसलंय? अंक खाली ठेवा, त्याचं दार ठोठवा. साहेबाला जाग येईल तेव्हा येईल.